सुरी कुणाच्या हाताशी

आत्या, तुला नेलं तेव्हा तुझी जाळी पाण्यातच होती.

आदल्या संध्याकाळी तू एकटीच होडी घेऊन गेलीस, जाळी लावून आलीस, भाकरी खाल्लीस आणि झोपलीस. पहाटे ती काढायला जायचं होतं. पहाटे तुझ्या छातीत कळ आली आणि बिडकीनच्या दवाखान्यापर्यंतही गाडी पोचली नाही. मग सुतक लागलं. ओसरीवर बाया बसल्या, अंगणात माणसं बसली आणि समोर नाथसागरात तुझ्या जाळ्याच्या खुणेचा तो लाल प्लास्टिकचा डबा लाटांवर वरखाली होत राहिला. सगळ्यांना तो दिसत होता. त्याच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

मी दाराच्या चौकटीला टेकून बसले होते. येणाऱ्या बाया सांगत होत्या की तू फार शांत होतीस, सोशिक होतीस, कधी कुणाला वर तोंड करून बोलली नाहीस. मी मान वर करून एकेकीकडे बघत होते. ह्या कुणाबद्दल बोलतायत? पाचोडच्या बाजारात तराजूत बोट घालणाऱ्या व्यापाऱ्याचं बोट तू कोयत्याच्या मुठीनं ठेचलं होतंस, ती बाई कुठे गेली? पण मी बोलले नाही. तुला माहीतच आहे, मी बोलत नाही.

तुझ्याकडे येणं मला आवडायचं ते त्यामुळेच. शाळेत इंग्रजीतून उत्तर द्यावं लागायचं आणि गावात मराठीतून. दोन्हीकडे माझं वाक्य तयार होईपर्यंत विषय बदललेला असायचा. होडीत मात्र बोलावंच लागत नव्हतं. तू मागच्या फळीवर बसायचीस, मी पुढे, आणि आपल्यामध्ये ओल्या जाळ्याचा ढीग. तुझ्या गावात बाया मासे विकतात, होडीत जात नाहीत. तू जायचीस. आतोबा गेल्यावर होडी तरी कोण वल्हवणार होतं, एवढंच तू त्याबद्दल सांगायचीस.

कॉलेज संपून नोकरी लागेपर्यंत मी तुझ्याकडे राहिले तेव्हा ते भांडण सुरू झालं. आपलं एकमेव भांडण, आणि ते मिटायच्या आत तू निघून गेलीस.

तुझ्या होडीत कशालाच ठरलेली जागा नव्हती. गळ जुन्या चपलेच्या रबरात खोचलेले. पाणी उपसायचा डबा तुझ्या पायांमध्ये लोळणारा. जाळं विणायची सुई तर चक्क तुझ्या अंबाड्यात. आणि सुरी कुठेतरी तुझ्या फळीखाली, दोरीला लोंबकळत. मला ते बघवत नव्हतं. मी कुणाच्या घरात वाढलेय ते तू जाणतेसच. तुझा भाऊ, म्हणजे माझे पप्पा, चिकलठाण्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला. तिथे भिंतीवर मोठा फळा असतो आणि त्यावर प्रत्येक पान्याच्या, प्रत्येक पकडीच्या आकाराची पिवळी रेघ मारलेली असते. पाना काढला की त्याच्या जागी आपल्या नावाचं पत्र्याचं टोकन टांगायचं. कुणी काय नेलं ते लांबूनसुद्धा कळलं पाहिजे. आमच्या सिडकोतल्या स्वयंपाकघरातही तसा फळा आहे. कात्रीभोवती रेघ, हातोडीभोवती रेघ. पहिल्यांदा मैत्रिणीच्या घरी जाईपर्यंत मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

म्हणून एका सकाळी तू बाजाराला गेलेली असताना मी होडीच्या आतल्या अंगाला, डांबर पाजलेल्या लाकडावर, पिवळ्या रंगानं रेघा मारल्या. सुरीची, जाळं ओढायच्या आकड्याची, डब्याची. मध्यावर, कुठूनही दिसतील अशा. खिळे ठोकले, वस्तू टांगल्या. गळांसाठी कप्प्यांची डबी आणली.

तू आलीस आणि काठावरच उभी राहिलीस.

"हे काय करून ठिवलंस गं कॉन्व्हेंट?"

"आत्या, वस्तू जागेवर राहतात. कुणालाही लगेच सापडतात."

"मेलेल्या माणसाभवती पोलीस खडू मारतेत, टीव्हीत दावतेत, तसं दिसायलंय. माझ्या सुरीचा खून झाला का काय?"

शोभा वहिनी, तुझी सून, पदर तोंडाला लावून हसत होती. मला रडू यायला लागलं होतं आणि ते दिसू नये म्हणून मी रंगाच्या डब्याचं झाकण दाबत बसले. ते तुझ्या लक्षात आलं असणार, कारण तुझा आवाज खाली आला.

"हे बघ बाई. पाण्यात डोळ्यानं काय हुडकायला टाइम नसतोय. हात खाली सोडला की वस्तू हातात आली पायजे. जागेवर नको, हाताशी पायजे."

"पण आत्या, ती..."

"ती काय?"

मी म्हणाले, "काही नाही."

त्या 'काही नाही'बद्दलच मला तुला सांगायचंय. पण आधी जाळ्याचं सांगते.

गळांची डबी तू ठेवून घेतलीस. तुझ्या टाचेत एकदा गळ घुसला होता, त्यामुळे तिथे तुला बोलायला जागा नव्हती. मग मला नोकरी लागली आणि मी फक्त रविवारी यायला लागले. पुढच्या रविवारी मी आले तर सुरीसुद्धा पिवळ्या रेघेत टांगलेली. त्याच्या पुढच्याही रविवारी. मी काही म्हणाले नाही, तूही नाही. घरी जाऊन मी पप्पांना सांगितलं की आत्यानं ऐकलं. पप्पा म्हणाले, "ती? ऐकलं?" आणि हसत राहिले.

तुला ओसरीत ठेवलं तेव्हा तुझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "उशापाशी लोखंड ठिवा." वहिनी आतून सुरी घेऊन आली तर म्हणाल्या, "ही स्टीलची कशाला? तिच्या हातचं लोखंड आणा की कायतरी." पप्पा उठले. त्यांना काहीतरी करायला हवं होतं, तोवर ते नुसते भिंतीकडे बघत होते. ते होडीवर गेले आणि पिवळ्या रेघेतली सुरी घेऊन आले. तुला नेल्यावर त्या जागी दिवा लावला, तेव्हा ती सुरी दिव्याशेजारी आली. मी रोज ती बघत होते. दिव्याच्या उजेडात तिचं पातं तांबूस दिसायचं. सुरी इथे आहे म्हणजे होडीत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. कुणाच्याच आली नाही.

राख सावडून झाल्यावर संतोषदादा म्हणाला, "जाळी काढायला पायजेत." शेजारचे दोघंतिघं म्हणाले, तू सुतकात आहेस, आम्ही काढतो. तो म्हणाला, "माझ्या आईनं टाकलेलं जाळं हाय. मीच काढणार." त्याचा चेहरा बघून ते मागे सरले. मासे जाळ्यात कुजायला लागले होते, डब्याभोवती पक्षी जमत होते. तुझं शेवटचं काम सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सडत होतं, आणि ते त्याला सहन होत नव्हतं.

पण आत्या, तुझा मुलगा टेम्पो चालवतो. होडीत तो लहानपणी बसला असेल तेवढाच. जाळं कुठून कुठे जातं हे त्याला माहीत नव्हतं. ते माहीत असलेली घरात मीच होते, कारण रविवारी मी तुझ्याबरोबर असायचे. वहिनी काठापर्यंत आली. तिला यायचं होतं, पण थोरल्या जाऊबाईंनी तिला हाक मारून मागे घेतलं.

निघालो तेव्हा वारा नव्हता. लाल डब्यापर्यंत जाईस्तोवर तो सुटला. नाथसागराचं तू म्हणायचीस ते मला त्या दिवशी कळलं, की हे तळं नाही, याला कधी कधी आपण समुद्र असल्यासारखं वाटतं. लाटा आडव्या यायला लागल्या. मी तुझ्या फळीच्या पुढे बसून वल्हं धरलं होतं आणि होडीचं तोंड लाटेकडे ठेवायची धडपड करत होते. दादा पुढच्या टोकाला वाकून जाळं ओढत होता. वास असा होता की तोंडानं श्वास घ्यावा लागत होता. निम्मं जाळं आत आलं आणि पुढचं येईना. खाली बुडालेल्या बाभळींची खोडं आहेत, त्यातल्या एकाला अडकलं असणार.

"दादा, सोड. नंतर येऊ."

हे मी मोठ्यानं म्हणाले असं मला वाटतं. पण माझं मोठ्यानं म्हणजे किती, तुला ठाऊक आहे. त्यानं ऐकलं नाही. त्यानं पकड यावी म्हणून जाळ्याची वरची दोरी मनगटाभोवती गुंडाळली आणि मागे रेलून जोर लावला.

त्याच वेळी लाट आली. होडी सरकली आणि दोरी आवळली. त्याचा हात होडीच्या काठावरून बाहेर गेला, मग कोपर, मग खांदा. होडी त्या बाजूला कलली आणि काठावरून पाणी आत आलं. सावकाश, भांड्यातून ओतल्यासारखं. तो ओरडला नाही. त्याला ओरडता येत नव्हतं, त्याचा गाल काठावर दाबला गेला होता.

"सुरी," तो म्हणाला. "मनू, सुरी दे."

मी पिवळ्या रेघेकडे पाहिलं.

सुरीच्या आकाराची रेघ होती. मूठ, पातं, टोक, सगळं. आत काळं लाकूड होतं आणि वर मोकळा खिळा. मी ती रेघ किती चांगली काढली होती! मला एवढंच आठवतं, की मी तिच्याकडे बघत राहिले, जणू अजून थोडा वेळ बघितलं तर सुरी तिथे येईल. खाली पडली असेल म्हणून पायाजवळच्या पाण्यात चाचपलं. रेघांत आकडा होता, डबा होता. सुरी कुठे होती ते मला तेव्हा कळलं. ओसरीत, दिव्यापाशी.

"दे की!"

पुढची लाट आली आणि मी मागे फेकले गेले, तुझ्या फळीवर. एक हात वल्ह्यावर होता. दुसरा, उजवा, आधार शोधत फळीखाली गेला.

आणि सुरी हातात आली.

शोधली नाही गं मी. हात पडला तिथेच ती होती. मुठीला तुझ्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, पातं फळीच्या खाचेत सरकवलेलं. तुझी खरी सुरी. रेघेतली ती दुसरीच, माझं मन राखायला टांगलेली होती. दर रविवारी तू माझ्यासमोर बसत होतीस आणि तुझ्या मांडीखाली ही होती.

मी ती ओढली, वल्हं सोडलं आणि पुढे सरपटले. मला झटका बसला. सुरीला दोरी होती, दोरी फळीला बांधलेली होती, आणि ती मध्येच संपली. दादाच्या हातापासून हातभर अलीकडे. मी ओढत राहिले. तू बांधलेली गाठ, ती काय सुटणार! दादा माझ्याकडे बघत होता, एकाच डोळ्यानं, कारण दुसरा पाण्यात होता.

मग मी दोरी दुमडून त्याच सुरीनं तिचीच दोरी कापली. एवढं सुचायला किती वेळ गेला, ते मला माहीत नाही. मी त्याच्या अंगावरून वाकले आणि मनगटापुढची दोरी कापली. होडी एकदम सरळ झाली. उरलेलं जाळं खाली गेलं, लाल डबा त्याच्यामागे ओढला गेला आणि आम्ही दोघं त्या कुजक्या माशांत पडलो.

त्यानंतर माझ्या तोंडून जे निघालं ते माझं नव्हतं.

"मुडद्या! मनगटाला दोरी गुंडाळतेत व्हय? अक्कल घाण ठिवलीस का कुठं?"

दादा माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "आई आली का काय तुझ्या अंगात?" आणि हसायला लागला, आणि हसता हसता तोंड झाकून रडायला लागला. तुला नेताना तो रडला नव्हता. मी उपसायचा डबा घेतला आणि पाणी उपसत बसले. डबा मात्र त्याच्या रेघेत होता, हे तुला सांगून ठेवते.

काठावर वहिनी गुडघाभर पाण्यात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. तिनं दादाचा हात धरून उलटासुलटा करून पाहिला. मनगटावर निळा चट्टा उठला होता.

मी तुझी आभारी आहे आणि मला तुझा राग आलाय. दोन्ही एकदम येतं आणि कुठल्याच एकाचं मला काही करता येत नाही. तू ती सुरी तिथे ठेवली नसतीस तर दादा नसता. पण तू ती कुणाच्या हाताशी ठेवली होतीस? तुझ्या. तुझ्या फळीवर बसणाऱ्या, तुझ्याएवढ्या हाताच्या, एकट्या बाईच्या. दोरीसुद्धा तेवढीच, कारण होडीच्या त्या टोकाला दुसरं कुणी असेल असं तू धरलंच नव्हतंस. मी लाटेनं त्या फळीवर पडले नसते तर? तू मला एकदा सांगायचंस. हसून सांगायचंस, चिडवून सांगायचंस. माझं मन राखण्यापेक्षा ते बरं झालं असतं.

आणि मीही तुला सांगितलं नाही. त्या दिवशी काठावर 'पण आत्या, ती' म्हणून मी थांबले, ते वाक्य असं होतं: पण आत्या, ती तुझ्यासाठी नाहीच आहे. तुला सगळं सापडतं, मला माहीत आहे. रेघ दुसऱ्यासाठी आहे, तू नसशील तेव्हा होडीत बसणाऱ्यासाठी. 'तू नसशील तेव्हा' हे शब्द तुझ्यासमोर माझ्या तोंडातून निघेनात. तू एवढी धडधाकट समोर उभी, कंबरेवर हात ठेवून. मला वाटलं, हे बोलणं म्हणजे तुला काहीतरी करण्यासारखं आहे.

पप्पांना सांगायचं की नाही यावर मी आणि दादा बराच वेळ घुटमळलो. शेवटी शहराकडे परतताना मीच सांगितलं, गाडीत, त्यांच्याकडे न बघता. ते गाडी चालवत राहिले. चिकलठाण्याला त्यांच्या कारखान्याचं फाटक मागे पडलं, तेव्हा म्हणाले, "मी टोकन लावलं नाही." आयुष्यभर त्यांनी एक पानासुद्धा टोकन न लावता काढला नसेल. मी म्हणाले, "पप्पा, होडीत टोकन नव्हतंच." त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं.

तेराव्यानंतर दादा म्हणाला, होडी विकू. त्याला ती नजरेसमोर नको झालीय. वहिनी चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "विकायची नाय."

"मग कोण चालवणार? मी नाय जायचो."

"तुम्हाला कोण म्हणायलंय जा म्हणून?"

"म्हणजे तू?"

"आत्याबाई जात होत्या की."

"आई येगळी होती."

"व्हय. त्या लई बोलायच्या. मी न बोलता जाईन."

दादानं माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी उठले आणि वहिनीबरोबर काठावर गेले.

होडी बांधलेलीच होती. मी वहिनीला तुझ्या फळीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, "आता लाट आलीय. हात सोड." तिचा डावा हात खाली गेला. आत्या, वहिनी डावरी आहे. पंगतीत डाव्या हातानं वाढते म्हणून तू तिला किती टोचायचीस! मग आम्ही तुझी खाच सोडून दिली. डाव्या अंगाला, तिचा हात जिथे पडला तिथेच, नवी खाच केली आणि दोरी अशी लांब घेतली की पुढच्या टोकापर्यंत पोचेल.

मी पिवळ्या रंगाचा डबा आणला होता, पण पिशवीतून काढला नव्हता. वहिनीनं तो पाहिला.

"मार की रेघ," ती म्हणाली. "मी नसले तर कुणाला तरी घावायला पायजे."

किती सहज म्हणाली! जसं भाकरी झाकून ठेव म्हणावं तसं. मी ब्रश हातात घेऊन तशीच बसून राहिले.

मग मी रेघ मारली. ती वाळेपर्यंत वहिनी डाव्या हातात सुरी धरून पाण्याकडे बघत होती. वारा नव्हता. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मनू, उद्या जाळं कुठल्या अंगाला टाकू गं? तिकडं बाभळीकडं का हिकडं?"

आणि मी तुला विचारायला मान वळवली.